साहेब आहेत का? : छोट्या ऑफिसात फोन उचलणारा एआय

सीएच्या ऑफिसात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तासभर बसून बघा. टेबलावर फॉर्म सोळांचा ढीग, प्रिंटर तापलेला, आणि फोन थांबायचं नाव घेत नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारा एखादा पोरगा खांदा आणि कान यांच्यात रिसीव्हर दाबून उभा असतो. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब आहेत का?" साहेब असतात, पण दुसऱ्या फोनवर. "नाव सांगा, निरोप देतो." "पाटील बोलतोय म्हणून सांगा." सांगली-कोल्हापूरकडे याला माहिती म्हणत नाहीत. कुठले पाटील, हे विचारायच्या आत फोन ठेवलेला असतो आणि संध्याकाळी चिठ्ठीवर एवढंच उरतं: पाटील, ११.४०.

त्यात भर म्हणजे सीएची आर्टिकलशिप २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली. फोनवर कुणाशी काय बोलायचं आणि काय नाही, हे पोराला उमगेपर्यंत त्याची जायची वेळ होते.

नेमक्या याच जागी बसवायला आता 'एआय रिसेप्शनिस्ट' विकायला येतात. चोवीस तास हजर, रजा नाही, एकाच वेळी दहा फोन घेणार, मराठीत बोलणार. यातलं बरंचसं खरं आहे. पण हे प्रकरण आतून कसं चालतं ते कळलं नाही, तर ते भलत्याच कामाला जुंपलं जातं. माझं मत आधीच सांगून टाकतो: फोन उचलणं हे एक काम आणि उत्तर देणं हे दुसरं. पहिलं यंत्राला खुशाल द्यावं. दुसरं देऊ नये.

"मराठीसाठी दोन दाबा" म्हणणारी यंत्रणा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिला तुमचं बोलणं कळत नव्हतं, ती फक्त बटणं मोजायची. नव्या यंत्रात एकामागे एक तीन भाग असतात. पहिला कानाचा: तुमचा आवाज ऐकून तो मजकूर लिहून काढतो. दुसरा डोक्याचा: तो मजकूर एखाद्या मोठ्या भाषा-मॉडेलकडे, म्हणजे ढीगभर मजकुरावरून वाक्यं जुळवायला शिकलेल्या प्रोग्रामकडे जातो, आणि ऑफिसने आधी लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे पुढचं वाक्य तयार होतं. तिसरा तोंडाचा: ते वाक्य आवाजात बदलून तुमच्या कानात येतं. आवाजातून थेट आवाज काढणारी नवी मॉडेलंही आहेत, पण समजून घ्यायला ही तीन पायऱ्यांची साखळी पुरे.

आता या साखळीला वेळ लागतो, आणि फोनवर वेळ फार महाग असतो. जगभरच्या दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला माणसं सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग घेतात, असं त्यात दिसलं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. यंत्राला आधी तुमचं संपलंय की नाही हेच ठरवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा शांततेवरून ठरतं. इथेच घोटाळा होतो. आपली माणसं फोनवर कशी बोलतात? "हां, तर काय झालं होतं की..." आणि मग एक भलामोठा श्वास. यंत्राला वाटतं संपलं. ते बोलायला लागतं, तेवढ्यात काका पुन्हा सुरू होतात, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. थांबायची मुदत वाढवली तर उलटं: साध्या 'हो'नंतरही एवढी शांतता पसरते की माणूस "हॅलो? हॅलो?" करत बसतो. सेवा घेताना ही मुदत आपल्याला बदलता येते का, हे विचारा. निवृत्त माणसांचे फोन जास्त येत असतील तर ती वाढवून घ्या.

दुसरी अडचण फोनच्या तारेतली आहे. साध्या टेलिफोनीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. 'स', 'श', 'फ' यांची खरी ओळख त्या वरच्या भागात असते, जो कापला जातो. म्हणून तर आपणही "एस, एस फॉर सांगली" असं ओरडतो. माणूस संदर्भावरून भरून काढतो, यंत्रही काढतं, पण नावं आणि आकडे यांना संदर्भ नसतो.

आणि आकडे म्हटले की आपली मराठी! एकोणसाठ म्हणजे साठच्या आधीचा, एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या आधीचा. ऐकू येतो पुढचा दशक, लिहायचा मागचा. खराब लाइनवर 'सात' आणि 'साठ' यांच्यात फरक उरतो तो जिभेच्या टोकाएवढा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली होती. यंत्राला विचाराल तर ते बहुधा त्या पुस्तकाच्या बाजूने मत देईल. त्यावर दीड, अडीच, पावणेसहा आहेतच. आणि 'परवा'! गेलेला की येणारा, हे क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही. "परवा आलो होतो" आणि "परवा येतो" यात यंत्राचा गोंधळ झाला, तर भेट भूतकाळात नोंदवली जाईल.

यावर उपाय साधा आहे, फक्त आधी लिहून द्यावा लागतो. तारीख सांगितली की यंत्राने वार आणि तारीख दोन्ही परत म्हणून दाखवायची: "गुरुवार, ७ तारीख, संध्याकाळी पावणेसहा, बरोबर?" फोन नंबर विचारायचाच नाही, तो स्क्रीनवर आलेला असतो, "याच नंबरवर फोन करू ना?" एवढं पुरे. पॅनचं चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं, त्यामुळे तिथे 'बी' ऐकू आलं तर चूक झाली हे यंत्राला ओळखता येईल, असली हुशारी विकणारे दाखवतात. पण पॅन फोनवर घ्यायचाच कशाला? तो फाइलमध्ये आहे. आणि पाटील आले की पुढचा प्रश्न ठरलेला हवा: "पूर्ण नाव आणि गाव सांगाल का?" तो थकलेल्या आर्टिकलकडून राहून जातो. यंत्र दिवसातल्या साठाव्या पाटलांनाही तितक्याच शांतपणे विचारतं. मला विचाराल तर या वस्तूचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

बोलण्याच्या बाजूलाही खास आपल्या गमती आहेत. मराठीत 'मी' म्हटलं की बऱ्याचदा क्रियापदाला लिंग येतं. आवाज बाईचा निवडला आणि मजकूर तयार करणाऱ्या भागाला ते सांगितलं नाही, तर गोड आवाजातली बाई म्हणते, "थांबा, मी बघतो." ३१/०७ लिहिलेलं असेल तर 'एकतीस भागिले सात' असं वाचलं जाऊ शकतं. आणि ते 'कृपया'! फोनवर कोण कृपया म्हणतं? "आपला बहुमूल्य कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं ऐकलं की माणूस बँक समजून फोन ठेवतो. सूचना लिहिताना आपल्या ऑफिसात जसं बोलतात तसं लिहा: "नमस्कार, बोला." "काय काम होतं?" "सांगते साहेबांना."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुलै ते सप्टेंबर सीएच्या ऑफिसात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला? "तारीख वाढली का?" वरवर बघता हा यंत्राला द्यायला अगदी योग्य प्रश्न: छोटा, नेहमीचा, उत्तर एका ओळीचं. पण २०२५ साल आठवा. ऑडिट नसलेल्यांसाठी रिटर्नची तारीख नेहमीप्रमाणे ३१ जुलै. मेच्या शेवटी ती १५ सप्टेंबर झाली. आणि १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर केली गेली. भाषा-मॉडेल ज्या मजकुरावर शिकलेलं असतं, त्यात 'रिटर्न' या शब्दाशेजारी '३१ जुलै' हजारो वेळा आलेलं असतं. ते आत्मविश्वासाने जुनी तारीख सांगेल. किंवा समोरच्याने "वाढलीय ना?" असं आशेने विचारलं, तर मान डोलावून "हो, वाढली आहे" म्हणेल. त्याला तारीख माहीत नसते; अशा प्रश्नानंतर साधारण कुठलं वाक्य येतं, तेवढं त्याला चांगलं माहीत असतं. माणसाची चूक अडखळत येते, त्यामुळे आपण सावध होतो. याची चूक अगदी सराईत सुरात येते.

आणि चुकीची जबाबदारी? कॅनडात एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने घरच्या माणसाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीचा नियम सांगितला. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाकडे गेलं. कंपनीच्या बचावाचा एक सूर असा होता की बॉट आपल्या म्हणण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती, आठशे डॉलरच्या आसपास. पण आपल्याकडे पाटी सीएच्या नावाची असते, आणि दंड भरावा लागलेला क्लायंट "यंत्र म्हणालं" असं म्हणणार नाही. तो म्हणेल, "तुमच्या ऑफिसातून सांगितलं."

म्हणून यंत्राला काय माहीत असावं याची यादी करण्याआधी काय माहीत नसावं याची करावी. कुणाचा रिफंड आला, कुणाला नोटीस आली, कुणाचं रिटर्न भरायचं राहिलं, यातलं काहीही त्याच्या हाती देऊ नये. "मी त्यांचा भाऊच बोलतोय, फक्त उलाढाल किती दाखवलीय तेवढं सांगा" असा फोन येतो. धंद्यात भागीदारी फुटलेली असली की हमखास येतो. जुनी रिसेप्शनिस्ट आवाज ओळखते, घराण्यातलं भांडणही तिला ठाऊक असतं. यंत्राला बोलण्यात गुंतवून माहिती काढणं हे आता एक तंत्रच झालंय. "सांगू नकोस" ही सूचना लिहिणं म्हणजे कडी लावणं. माहिती तिथे न ठेवणं म्हणजे खोलीच रिकामी असणं. ऑफिसची वेळ, पत्ता, कुठली कागदपत्रं घेऊन यायची, भेटीच्या मोकळ्या वेळा, एवढंच त्याला द्या.

ओटीपीचं वेगळं सांगायला हवं, कारण ही आपल्याकडची खास सवय. रिटर्न भरलं की ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते, आणि बहुतेकांची ती आधारच्या ओटीपीने होते. ओटीपी येतो क्लायंटच्या मोबाइलवर, काम चालू असतं ऑफिसात, म्हणून क्लायंट फोन करून थेट सुरूच होतो: "हां, लिहून घ्या, चार सात..." समोर यंत्र असेल तर तो आकडा रेकॉर्डिंगमध्ये जातो, लिखित नोंदीत जातो आणि कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर पडून राहतो. ओटीपी हा शब्द ऐकताच यंत्राने मध्येच बोलून थांबवलं पाहिजे आणि फोन माणसाकडे दिला पाहिजे. नोंदीतले आकडे आपोआप खोडायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

फोन लगेच माणसाकडे जावा असे आणखी एक-दोन प्रसंग आहेत. "जीएसटीचे साहेब दुकानात आलेत" हे वाक्य ऐकल्यावर यंत्राने उद्या साडेअकराची भेट देऊ केली, तर तो क्लायंट परत येणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. असे शब्द आधीच लिहून द्यावे लागतात: धाड, समन्स, खातं गोठवलं, आजच शेवटची तारीख. आणि "मला माणसाशी बोलायचंय" हे कुणी एकदाच म्हटलं तरी पुरे असावं. दुसऱ्यांदा म्हणायला लागू नये.

कायद्याचं थोडक्यात, पण टाळता येणार नाही असं. सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे गैरवर्तन म्हणून नोंदवलेलं आहे. वकिलांसाठी हीच गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि ती त्यांच्या कारकुनांनाही लागू होते. यंत्र कारकून ठरतं का, यावर वकीलमंडळींनी जरूर चर्चा करावी. तोवर त्याच्या कानावर पक्षकाराची हकिगत पडू देऊ नये. तिसरा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्या कायद्यात माहितीचे जबाबदार तुम्ही, म्हणजे ऑफिस; यंत्र पुरवणारी कंपनी फक्त तुमच्या वतीने काम करणारी. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. दोन खोल्यांच्या ऑफिसाला कुणी तेवढा लावणार नाही, पण जबाबदारी कुणाकडे बोट दाखवते ते यातून कळतं. कंपनीला विचारायचे प्रश्न मोजके आहेत: रेकॉर्डिंग कुठे राहतं, किती दिवस, आम्ही म्हटलं की पुसता का, आणि आमच्या फोनवर तुमचं मॉडेल शिकवता का. शेवटच्या प्रश्नावर उत्तर लांबत गेलं, तर उठून यावं.

समोर यंत्र आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावं. २०१८ मध्ये गूगलने डुप्लेक्स नावाचं यंत्र दाखवलं होतं. ते सलूनमध्ये फोन करून वेळ ठरवायचं आणि मध्येच माणसासारखं 'अंऽऽ' करायचं. सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारू लागले की पलीकडच्या बाईला हे माहीत होतं का. मग गूगललाही म्हणावं लागलं की यंत्र आपली ओळख सांगेल. आपल्याकडे सरळ म्हणावं: "ऑफिसचं यंत्र बोलतंय, निरोप लिहून घेते, रेकॉर्डिंग होतंय." काही लोक तिथेच फोन ठेवतील आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "सर फ्री का" असं टाकतील. टाकू देत.

जोडणी बहुतेक वेळा कॉल फॉरवर्डिंगने होते. सगळे फोन पहिल्या घंटीला यंत्राकडे वळवायची गरज नाही. चार-पाच घंट्या वाजून कुणी उचलला नाही, लाइन व्यस्त असली किंवा ऑफिस बंद असलं, तरच वळेल असं करता येतं, आणि सुरुवात तशीच करावी. इथे एक सावधगिरी. फॉरवर्डिंगच्या आडून फसवणूक एवढी वाढली की दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून स्टार ४०१ हॅश डायल करून फोन वळवायची सोय थांबवायला लावली. तेव्हा "आम्ही एआय कंपनीतून बोलतोय, हा कोड दाबा" असा फोन आला तर ऑफिसातल्या पोरांनी काहीही दाबू नये.

खर्चाचा हिशोब स्वतः मांडा. समजा दिवसाला ६० फोन, प्रत्येकी दीड मिनिट, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,२५० मिनिटं. मिनिटाला ६ रुपये धरले तर १३,५०० रुपये. पण कंपनी प्रत्येक फोनचं दीड मिनिट वर ओढून दोन मिनिटं धरत असेल तर तेच १८,००० होतात. करारात हे बारीक अक्षरात असतं. दिवसाचे फक्त न उचललेले पंधरा फोन यंत्राकडे गेले, तर दोन मिनिटांच्या हिशोबानेही ४,५०० रुपयांत भागतं. आणि फोनवरच्या ताईंना काढून हे बसवायचा विचार असेल, तर त्या दिवसभर आणखी काय करतात ते आधी लिहून काढा. डिजिटल सिग्नेचरचे डोंगल कुठल्या कप्प्यात आहेत, कुरिअर कुणाचं आलं, कुठल्या क्लायंटला चहा बिनसाखरेचा, हे यंत्राला विचारून बघा.

घेण्याआधी चाचणी ऑफिसातून शांतपणे करू नका, तिथे सगळंच छान चालतं. एसटी स्टँडवरून फोन करा. आजीला करायला लावा. "सायेब हाय का?" असं विचारा आणि पलीकडे काय उमटतं ते बघा, वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारा क्लायंट असेल तर त्यालाच एकदा बोलवा. भेट ठरवून, लगेच बदलून, पुन्हा पहिल्यावर या. रिफंड सांग म्हणून भांडा. मुद्दाम चुकीची तारीख ठासून सांगा आणि ते हो म्हणतं का पाहा.

चालू केल्यावर पहिला महिनाभर रोज संध्याकाळी नोंदी वाचायला दहा मिनिटं काढा. त्यात पूर्ण निरोप ठेवणाऱ्यांपेक्षा पहिल्या पाच सेकंदांत फोन ठेवणाऱ्यांची यादी जास्त कामाची असते. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतः फोन करावा.